‘म्हातारचळ’, ‘अमायलॉइड’ आणि मेंदूतील प्रथिनांचा साका

वयस्कर माणूस तेच तेच विचारू लागला, घरचा रस्ता विसरला, की आपल्याकडे ‘म्हातारचळ लागला’ म्हणतात. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर तोंडावरच असते. यात दोष जातो वयाला आणि लहरीला. मेंदूत प्रत्यक्ष काय घडते आणि ते मराठीत कोणत्या शब्दांनी सांगावे, एवढेच मी येथे मांडणार आहे.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. बहुतेक प्रथिने योग्य घडी पडल्यावरच कामाची होतात. घडी चुकली की रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे तंतू बनतात. पेशी असे रेणू मोडून टाकत असते. ते काम मागे पडले की साका वाढतो. अल्झायमर रोगात बीटा-अमायलॉइड चेतापेशींच्या बाहेर साचते आणि टाऊ आत. टाऊ एरवी पेशीतील सूक्ष्मनलिकांना आधार देते. त्यावर प्रमाणाबाहेर फॉस्फेट चढले की ते सुटते आणि त्याच्या गाठी होतात. पार्किन्सन रोगात असेच अल्फा-सिन्यूक्लिन साचते.

हा केवळ म्हातारपणाचा खेळ नव्हे. ऑगस्टे डेटर १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात आल्या, तेव्हा त्या ५१ वर्षांच्या होत्या. त्यांच्या मृत्यूनंतर आलोइस अल्झायमर यांनी त्यांच्या मेंदूतील साका आणि गाठी १९०६ मध्ये ट्यूबिंगेनच्या सभेत मांडल्या. आघाताचेही तसेच. अमेरिकेतील डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्ये मुष्टियोद्ध्यांच्या अडखळत्या चालीचे आणि मंदावलेल्या बुद्धीचे वर्णन केले. डोक्याला वारंवार मार बसलेल्या अशा खेळाडूंच्या मेंदूत पुढे टाऊच्या गाठी आढळल्या. त्या मेंदूच्या वळ्यांच्या खोलगट भागात, बारीक रक्तवाहिन्यांभोवती असतात.

आता शब्दांचा प्रश्न. ‘अमायलॉइड’चा मूळ अर्थ ‘पिष्टासारखे’. रूडॉल्फ फिरखो यांनी १८५४ मध्ये अशा साक्यावर आयोडिन टाकले. रंग पाहून त्यांना तो पिष्टासारखा पदार्थ वाटला. पाचच वर्षांत तो प्रथिनयुक्त असल्याचे दिसून आले, पण नाव टिकले. आपण त्याचे ‘पिष्टसम’ असे भाषांतर केले, तर ती चूक मराठीत नव्याने रुजेल. म्हणून ‘अमायलॉइड’ तसेच ठेवावे. ‘साका’, ‘गाठ’, ‘घडी’ मात्र आपलेच शब्द आहेत आणि ते नेमके बसतात. लक्षणसमूहाला ‘स्मृतिभ्रंश’ आणि त्यामागच्या विशिष्ट रोगाला ‘अल्झायमर’ म्हणावे. दोन्हींची सरमिसळ करू नये. शिवाय अमायलॉइडचा साका स्मरणशक्ती शाबूत असलेल्या वृद्धांतही सापडतो. तेव्हा ‘साका म्हणजे स्मृतिभ्रंश’ असेही लिहू नये.

‘म्हातारचळ’ शब्दकोशात राहू द्या, रुग्णाला लावू नका. ब-१२ जीवनसत्त्वाच्या किंवा थायरॉइडच्या कमतरतेनेही विसराळूपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. ‘चळ’ म्हटले की घरचे रागावतात. ‘आजार’ म्हटले की डॉक्टरकडे नेतात.