गोडानं जंत होत नाहीत



पोराचं पोट दुखलं की घरातली म्हातारी म्हणते, "गूळ कमी द्या, जंत होतील." आम्ही साखरेवर जगणारे, तेव्हा आमची साक्ष कोण मानणार? तरी सांगतो, जंत गोडातून होत नाहीत. ते मातीतून येतात, आणि मातीत ते माणूसच टाकतो.

गोल जंताची मादी दिवसाला सुमारे 2 लाख अंडी घालते. ती विष्ठेतून बाहेर पडतात. ताजी अंडी बाधत नाहीत; ओलसर, सावलीच्या मातीत 2-3 आठवडे राहिली की तयार होतात आणि पुढे काही वर्षेसुद्धा टिकतात. उसाची सरी त्यांना मानवतेच. बांधावरची कोथिंबीर, मुळा न धुता खाल्ला, मातीचा हात तोंडात गेला, की अंडी पोटात. तिथे अळी फुटते, आतड्यातून रक्तावाटे फुप्फुसात जाते, घशाशी येऊन पुन्हा गिळली जाते आणि मग तिचा वीतभर जंत होतो. फार झाले तर आतडे तुंबून ऑपरेशनची पाळी येते.

अंकुश जंताची तऱ्हा निराळी. त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतूनच शिरते. आतड्याला चिकटून रक्त पिते. बाई पांढरीफटक पडते, मोळी उचलताना धापा टाकते, आणि आपण म्हणतो, कामचुकार झाली!

तोडीची टोळी आपल्या फडाजवळ कोप्यांत राहते. परसाकडेला त्यांना आपण आपलाच ऊस दाखवतो आणि पुढे त्याच सरीत पाणी धरायला अनवाणी उतरतो. घरी संडास असून टमरेल घेऊन उसात जाणारे आपल्यातही आहेत, लपवून काय उपयोग?

2015 पासून 10 फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात. शाळा-अंगणवाडीत 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. 2 वर्षांखालच्या बाळाला अर्धी. पण तो दिवस ऐन गाळपातला. तोडकऱ्यांच्या पोरांची नावं त्यांच्या गावच्या हजेरीत आणि पोरं आपल्या फडात. तेव्हा ज्यांच्या रानात टोळी असेल, त्यांनी कोप्यांवर किती मुलं आहेत ते अंगणवाडीताईंना आधीच कळवावे. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांना विचारूनच गोळी घ्यावी. आणि टोळी उतरायच्या आधी कोप्यांजवळ आडोशाचा, खड्ड्याचा संडास करून द्यावा; विहिरीपासून लांब.