पॅट समिट यांनी संघ कसा बांधला

मैत्रिणींनो, बास्केटबॉल हा खेळ आपल्यातल्या बऱ्याच जणींनी टीव्हीवरच पाहिला असेल. पाच-पाच जणींचे दोन संघ, आणि उंचावर लावलेल्या कडीतून चेंडू टाकायचा. अमेरिकेत कॉलेजच्या मुलींना हा खेळ शिकवण्यात पॅट समिट यांनी ३८ वर्षं घालवली. खेळाचे नियम माहीत नसले तरी चालेल. त्यांनी संघ कसा चालवला, ते आपल्या कामाचं आहे.

पॅट शेतकऱ्याची लेक. जन्म १९५२ चा, टेनेसी राज्यातला. गाईंच्या धारा, गवताचे भारे, तंबाखूचं शेत, सगळं तीन थोरल्या भावांच्या बरोबरीने केलं. बास्केटबॉलही भावांशीच खेळायच्या, गवत साठवायच्या माळ्यावर. गावच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून वडिलांनी घरच हलवलं, संघ असलेल्या शाळेच्या हद्दीत. मुलीच्या खेळासाठी बिऱ्हाड हलवणारा बाप आपल्याकडेही रोज भेटत नाही!

१९७४ साली पुढच्या शिक्षणासाठी त्या टेनेसी विद्यापीठात गेल्या. आधीच्या प्रशिक्षक बाईंची जागा रिकामी झाली आणि ती थेट यांच्याकडे आली. वय २२. काही खेळाडू वर्षभरानेच लहान. पगार महिन्याला २५० डॉलर. संघाचे कपडे स्वतः धुवायच्या, गाडी स्वतः चालवायच्या. गणवेशासाठी डोनट, म्हणजे तळलेलं गोड खाणं, विकून पैसे उभे केलेले. आपण जत्रेत वडापावचा स्टॉल लावतो, त्यातलाच प्रकार. आणि पहिला सामना एका गुणाने हरल्या. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळायला १९८७ साल उजाडलं.

मधल्या तेरा वर्षांत काय केलं? मुख्य म्हणजे हजेरी. खेळाडूने वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं, उगाच दांडी मारायची नाही. खेळात कितीही हुशार असो, नियम सगळ्यांना तोच. त्यांच्या संघात खेळण्याची मुदत पूर्ण केलेल्या प्रत्येक मुलीने पदवी घेतली. एकूण १,०९८ सामने आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदं त्यांनी जिंकली, पण मला विचाराल तर ही पदवीची गोष्ट त्याहून मोठी.

आणखी एक रीत. प्रशिक्षकाने चूक दाखवली की मुलीने वाद न घालता ‘रिबाउंड’ म्हणायचं, म्हणजे कडीला लागून परत आलेला चेंडू. कौतुक झालं की ‘टू पॉइंट्स’, दोन गुण. अर्थ एवढाच, की ऐकलं, समजलं. हप्ता थकला हे बैठकीत कुणी बोलून दाखवलं की आपल्याकडे किती रुसवेफुगवे होतात, ते आठवून बघा.

ऑगस्ट २०११ मध्ये, ५९ व्या वर्षी, पॅट यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की त्यांना अल्झायमर झालाय. स्मृती हळूहळू जाणारा हा आजार. प्रशिक्षकाचं सारं काम डोक्यात ठेवायचं, आणि आजार नेमका तिथेच! तरी संघ थांबला नाही. होली वॉर्लिक या एके काळी त्यांच्याच खेळाडू, मग २७ वर्षं त्यांच्या हाताखाली सहायक. बरंचसं काम त्यांनी उचललं. पॅट तो हंगामभर संघासोबत बसल्या आणि २०१२ मध्ये जागा होलींना दिली. २०१६ मध्ये त्या गेल्या.

आता आपल्याकडे बघा. कित्येक गटांत वही एकीच्याच हातात असते. ती बाळंतपणाला गेली, आजारी पडली, ऊसतोडीला गेली, की कर्ज किती फिटलं हे कुणालाच सांगता येत नाही. मग बँकेचे हेलपाटे, मग संशय, मग गट बंद. त्या ताईचा दोष नसतो. तिच्या शेजारी बसून वही लिहायला कुणी शिकलेलंच नसतं.

पुढच्या बैठकीत असं करा. सचिवताई हजर असतानाच, ती नाही असं धरून चाला. तिने गप्प बसायचं. हजेरी, बचत, कर्जवसुली, इतिवृत्त, सगळं दुसरीने लिहायचं. अडलं की तिसरीला विचारायचं. कुठे अडलं ते वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवा आणि ग्रामसंघाच्या बैठकीला ते पान घेऊन या.