पूर्णांक शेडरपर्यंत पूर्णांकच पोहोचवा

ओपनजीएलमध्ये बोनचा क्रमांक, मटेरियलचा क्रमांक किंवा बिट-फ्लॅग व्हर्टेक्ससोबत शेडरला द्यायचे असले की हात सवयीने जीएलव्हर्टेक्सअ‍ॅट्रिबपॉइंटरकडे जातो. प्रकाराच्या जागी अनसाइन्ड इंट लिहिलं म्हणजे पूर्णांकच जाणार, असं गृहीत धरलं जातं आणि सगळा घोटाळा तिथेच सुरू होतो. तो प्रकार बफरमधले बाइट कसे वाचायचे एवढंच सांगतो; वाचलेली किंमत हे फंक्शन फ्लोट म्हणूनच पुढे देतं. पूर्णांक जसाच्या तसा नेणारं फंक्शन वेगळं आहे: जीएलव्हर्टेक्सअ‍ॅट्रिबआयपॉइंटर. २००८ सालच्या ओपनजीएल ३.० पासून ते उपलब्ध आहे, २०१२ च्या ओपनजीएल ईएस ३.० मध्येही आहे. शेडरमध्ये इनपुट इंट किंवा युइंट म्हणून जाहीर केलं असेल आणि बाहेरून पहिलं फंक्शन वापरलं असेल, तर शेडरला काय मिळेल याची कसलीही हमी नाही. अनेकदा फ्लोटचेच बिट पूर्णांक म्हणून वाचले जातात, आणि ३ च्या जागी १०७७९३६१२८ उभा राहतो. एवढ्या क्रमांकाचा बोन कुठून सापडणार? मॉडेलचे त्रिकोण पडदाभर ताणले जातात किंवा दिसेनासे होतात. डेस्कटॉप ओपनजीएल मात्र यावर साधा एररही देत नाही. बफर उघडून पाहिला तर त्यातला डेटा अगदी बरोबर असतो, म्हणून माणूस मॅट्रिक्स तपासत बसतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की अशा वेळी सर्वांत आधी अ‍ॅट्रिब्यूट जोडणारी ओळ पाहावी.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: क्रमांक फ्लोट म्हणूनच घ्यावा आणि शेडरमध्ये इंट करावा, बिघडलं कुठे? लहान क्रमांकांपुरतं हे खरं आहे. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये १६७७७२१६ पर्यंतचा प्रत्येक पूर्णांक अचूक मावतो, आणि दोन-अडीचशे बोनच्या सांगाड्याला त्याहून जास्त काही लागत नाही. जुन्या ओपनजीएल ईएस २.० वर तर दुसरा मार्गच नव्हता. पण १६७७७२१७ दिला की तो मुकाट्याने १६७७७२१६ होतो. एका युइंटमध्ये चार बाइट भरून पाठवले असतील, किंवा वरच्या बिटांत फ्लॅग ठेवले असतील, तर खालचे बिट गळून पडतात आणि ते परत मिळवायला काही उपाय उरत नाही. त्याहून फसवा आहे तो नॉर्मलाइज्डचा पर्याय. रंगाच्या ओळीची नक्कल करताना तो चालूच राहिला, तर बाइटमधला ३ हा २५५ ने भागला जाऊन सुमारे ०.०१२ होतो, इंट करताच शून्य, आणि जवळपास सगळे व्हर्टेक्स पहिल्याच बोनला लटकतात. चित्र अर्धवट बरं दिसतं म्हणून हा दोष फार उशिरा सापडतो.

मग सगळीकडेच आय-फंक्शन लावावं का? नाही. रंग आणि नॉर्मल बाइटमध्ये ठेवून नॉर्मलाइज करून घेणं ही जागा वाचवण्याची उत्तम रीत आहे, आणि तिथे फ्लोटच हवा. प्रश्न एवढाच विचारावा: ही किंमत मोजमाप आहे की ओळख? दोन किमतींची सरासरी काढली तर अर्थ उरतो का? दोन रंगांच्या मधला रंग असतो. चौथ्या आणि सातव्या मटेरियलच्या मधलं मटेरियल नसतं. म्हणूनच तो क्रमांक पुढे फ्रॅगमेंट शेडरला द्यायचा असेल, तर तिथल्या पूर्णांक इनपुटला फ्लॅट लावणं जीएलएसएलने सक्तीचं केलं आहे.

पुढच्या एपीआयनी ही निवड जास्त ठळक केली. व्हल्कनमध्ये युइंट आणि युनॉर्म हे फॉरमॅटच वेगळे आहेत, आणि व्हॅलिडेशन लेयर चालू असेल तर शेडरशी न जुळणारा फॉरमॅट पकडला जातो. वेबजीएल २ मध्ये ड्रॉ कॉललाच एरर येतो. डेस्कटॉप ओपनजीएलवर ही तपासणी आपणच करायची: लिंक झालेल्या प्रोग्रामला जीएलगेटअ‍ॅक्टिव्हअ‍ॅट्रिबने प्रत्येक इनपुटचा प्रकार विचारावा, आपण कोणतं फंक्शन वापरलं त्याच्याशी तो ताडून पाहावा, आणि डीबग बिल्डमध्ये जुळत नसेल तर प्रोग्राम तिथेच थांबवावा.