सॉकेटातली चिप आणि भिंतीपलीकडचे माग

तुझी यादी मिळाली गं. चार ऑप-अ‍ॅम्पची नावं, त्यातली एक चिप तर तुझ्या सबंध हेडफोन अ‍ॅम्पच्या निम्म्या किमतीची, आणि खाली प्रश्न: ताई, यातली कुठली टाकली तर आवाज खुलेल? सांगते. पण आधी तुझ्या निजामपुऱ्यातल्या खोलीचं बघू, चिपकडे नंतर वळू.

तुझी पलंगाकडची भिंत आणि शेजारच्या लूमच्या कारखान्याची भिंत एकच आहे. धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकला गेला की बसणारा तो ठोका तुझ्या कपाटावरच्या स्टीलच्या डब्यांपर्यंत पोचतो, झाकणं बारीक वाजत राहतात. आपण तिथेच वाढलो, म्हणून तो आवाज आपल्याला आवाजच वाटत नाही. पण यंत्रमागाच्या शेडमधला गोंगाट नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो. भिंतीतून गाळून तुझ्याकडे किती येतो, ते मोबाइलवर डेसिबल दाखवणारं एखादं अ‍ॅप उघडून रात्री एकदा बघ. आकडा अगदी अचूक नसेल, पण अंदाज येईल.

आता चिपचा हिशोब कर माझ्याबरोबर. तुझ्या अ‍ॅम्पमध्ये एनई ५५३२ आहे. तिचा स्वतःचा खरखराट दर रूट हर्ट्झला ५ नॅनोव्होल्ट. २० किलोहर्ट्झपर्यंतचा सगळा पट्टा धरला तर ०.७ मायक्रोव्होल्ट, आणि अ‍ॅम्पने तिप्पट केलं की दोनच्या आसपास. तुझा हेडफोन ३२ ओहमचा. एका मिलिवॉटला, म्हणजे साधारण ०.१८ व्होल्टला, १०० डेसिबल देतो असं धरू. मग ते दोन मायक्रोव्होल्ट कानाशी किती भरतात? एक-दीड डेसिबल. माणसाला ऐकू येण्याची सीमाच तिथे आहे. तुझ्या यादीतली एलएम ४५६२ याहून शांत आहे, २.७ नॅनोव्होल्ट, कबूल. पण जे आधीच ऐकू येत नाही ते आणखी कमी करून, भिंतीपलीकडे माग चालू असताना, तुझ्या कानाला काय मिळणार?

आणि ५५३२ ला 'साधी' म्हणून नाक मुरडू नकोस. सिग्नेटिक्स कंपनीने सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणलेली ही चिप पुढे जगभरच्या स्टुडिओंच्या मिक्सिंग डेस्कमध्ये बसली. एकेका डेस्कमध्ये अशा डझनांनी. आवाज माइकपासून टेपपर्यंत जाताना त्यातल्या कित्येकींतून जाई. इतक्यांतून गेलेल्या आवाजात जर ती काही बिघडवत असेल, तर तुझ्याकडची एक बदलून तो बिघाड निघणार नाही.

चिप बदलून कधीच फरक पडत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना खर्र-खर्र होतं असं तू लिहिलंस ना, तिथे खरंच फायदा होऊ शकतो. ५५३२ च्या इनपुटमधून बारीकसा प्रवाह वाहतो, साधारण २०० नॅनोअँपिअर. तो पॉटच्या, म्हणजे नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरच्या, सरकत्या टोकातून जात असेल, तर टोक हललं की आवाज होतो. ओपीए २१३४ सारख्या जेएफईटी इनपुटच्या चिपमध्ये हा प्रवाह जवळपास नसतोच, त्यामुळे खरखर कमी होते. पॉटच घाणेरडा झाला असेल तर मात्र आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मार. स्वस्तातलं काम आधी करावं.

मुख्य मुद्दा प्रवाहाचा आहे, आणि याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. तुझ्या अ‍ॅम्पमध्ये चिपच्या पुढे ट्रान्झिस्टर आहेत का, हे पाठीमागचं झाकण काढून बघ. नसतील, तर हेडफोन थेट चिपच ओढते आहे. ३२ ओहमला एक व्होल्ट द्यायचा म्हणजे शिखराला ४४ मिलिअँपिअर लागतात. बहुतेक 'उत्तम' ऑप-अ‍ॅम्प ६०० ओहम किंवा दोन किलोओहमचं ओझं समोर धरून आखलेले असतात. त्यांना हेडफोनला लावणं म्हणजे शर्यतीचा खोंड नांगराला जुंपणं. २०११ साली नाव न सांगणाऱ्या एका डिझायनरने 'ओ-टू' नावाचा हेडफोन अ‍ॅम्प सगळ्यांसाठी खुला केला. त्याने शेवटच्या टप्प्यासाठी महागडी चिप निवडली नाही. जेआरसीची स्वस्तातली एनजेएम ४५५६ घेतली, कारण ती ७० मिलिअँपिअर देते. मोजमाप करून घेतलेला निर्णय होता तो. मला तो माणूस फार आवडतो.

तुझ्या यादीत दुसऱ्या नंबरवर एनई ५५३४ आहे. ती खोड आत्ताच. ५५३२ आणि ५५३४, नावात एका आकड्याचा फरक, पण ५५३४ मध्ये एकच अ‍ॅम्प्लिफायर असतो. ५५३२ मध्ये दोन, डाव्या-उजव्या कानाला एकेक. पाय दोन्हींना आठच, आणि सॉकेटात दोन्ही तितक्याच सहज बसतात. पण ५५३२ चा धन पुरवठा आठव्या पायावर, ५५३४ चा सातव्यावर. बसवून स्विच लावलास की संपलं. शिवाय तिला किमान तिप्पट गेन लागतो, नाहीतर ती स्वतःच थरथरायला लागते, म्हणजे ऑसिलेट होते. नवीन चिप घेताना 'ड्युअल' आणि 'युनिटी गेन स्टेबल' हे दोन शब्द डेटाशीटमध्ये बघितल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. पुरवठ्याची मर्यादाही बघ. ५५३२ अधिक-उणे २२ व्होल्ट सहन करते, एलएम ४५६२ फक्त १७.

चिप काढताना घाई करू नकोस. वीज बंद, प्लग काढलेला, कपॅसिटर उतरेपर्यंत दोन मिनिटं थांब. बारीक स्क्रूड्रायव्हर एका टोकाखाली सरकवून केसभर उचल, मग दुसऱ्या टोकाखाली, पुन्हा पहिल्या. एकाच बाजूने उपटलीस तर समोरचे पाय वाकतात, आणि सरळ करताना मुळातून तुटतात. नव्या चिपचे पाय फाकलेले असतात. टेबलावर आडवी धरून एकेक रांग किंचित दाबून घे, म्हणजे सॉकेटात सरळ उतरतील. खाच सॉकेटाच्या खाचेकडे. उलटी बसली तर चार आणि आठ नंबरच्या पायांची अदलाबदल होते, म्हणजे पुरवठाच उलटा. नीट बसली की वीज चालू करून चिपवर बोट ठेव, पाच मिनिटांनी कोमट लागली तर ठीक, चटका बसला तर लगेच बंद. वेगवान चिप जुन्या बोर्डावर ऑसिलेट होते तेव्हा पहिली खूण हीच. पुरवठ्याच्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅराडचा सिरॅमिक कपॅसिटर आहे का, तेही बघून ठेव.

हेडफोन लावण्याआधी आउटपुटवर मल्टिमीटरने डीसी मोज, डावा आणि उजवा वेगळा. दहा मिलिव्होल्टच्या आत असेल तर निर्धास्त रहा. पन्नासच्या पुढे गेला तर हेडफोन लावायचा नाही, मला फोन करायचा.

बनावट चिपांचं पीक फार आहे बाई. वरची अक्षरं घासून नवीन छापतात. एक चाचणी तुझ्याकडच्या मीटरवरही होते: चिपच्या पुरवठ्यात मीटर घालून ती किती प्रवाह खाते ते बघ. ५५३२ काही न वाजवता आठेक मिलिअँपिअर घेते, एलएम ४५६२ दहाच्या जवळपास. दोन-तीनच घेणारी '५५३२' निघाली, तर आत टीएल ०७२ च्या घराण्यातलं काहीतरी आहे असं समज.

मग ऐक. पण स्वतःच्या हाताने बदलून, बदललंय हे माहीत असताना, लगेच ऐकून ठरवू नकोस. नवं घेतलेलं चांगलंच वाटतं, कारण आपण पैसे मोजलेले असतात. वहिनीला शिकव. तिने आत जाऊन चिप बदलायची किंवा तशीच ठेवायची, झाकण लावायचं, नॉबला हात लावायचा नाही. गेन रेझिस्टर ठरवतात, त्यामुळे आवाजाची पातळी आपोआप सारखीच राहते. तू फक्त लिहायचं, नवी की जुनी. दहापैकी पाच बरोबर आले तर तो छापा-काटा झाला. नऊ किंवा दहा आले तर ते नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता शंभरात एक, आणि मग मी स्वतः येऊन ऐकेन. हे सगळं माग बंद असतील तेव्हाच कर, नाहीतर वहिनीचे कष्ट वाया.

आता मला खरी काळजी कशाची आहे ते सांगते. तू नॉब कुठवर नेतेस, ते मी बघितलंय. माग चालू असताना गाणं वर काढायला तू आवाज वाढवत जातेस, आणि ते बंद झाले तरी नॉब तिथेच असतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे: ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास चालतील, ९० ला फक्त चार. आपल्या आजूबाजूला आयुष्यभर शेडमध्ये उभं राहिलेल्या कारागिरांशी किती मोठ्याने बोलावं लागतं, ते तुला मी सांगायला नको. त्यांना पर्याय नव्हता. तुला आहे.

म्हणून चिपच्या पैशातून आधी कानात नीट बसणारे इअरफोन घे, फोमच्या टोकांचे. उघड्या पाठीचा तुझा हेडफोन बाहेरचं काही अडवत नाही. बंद पाठीचाही मागाचा तो जाड ठोका फारसा थोपवत नाही. फोम कानात फुगून घट्ट बसला की गोंगाट इतका उतरतो की नॉब निम्म्यावर येतो. बासही भरतो, कारण फट राहिली की पहिला तोच पळतो. पलंगही त्या सामाईक भिंतीपासून समोरच्या भिंतीला सरकव, दादाला हाताशी घे.

राहिली खरेदी. कल्याणला जाऊन फास्ट लोकल पकड, दादरला बदल, ग्रँट रोडला उतरून पूर्वेला लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असेल, पण विचारताना लॅमिंग्टनच म्हण. रविवारी जाऊ नकोस, बहुतेक शटर खाली असतात. ओपीए २१३४ एकच घे, पॉटच्या खरखरीसाठी, आणि पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून. सोबत दोन आठ पायांची सॉकेट, कॉन्टॅक्ट क्लीनर, ०.१ चे चार कपॅसिटर. घरी आल्यावर जुन्या चिपवरचं डीसी आधी मोजून दोन्ही कानांचे आकडे मला पाठव. नवी त्यानंतरच बसव.