मळणी मशीनची पन्हळ तीन फूट कशासाठी?



गळीत हंगामापूर्वी बॉयलर अग्निप्रदीपनाला आपण सगळे जमतो. पण त्याआधी सरकारचा बाष्पके निरीक्षक बॉयलर तपासून जातो, त्याच्या दाखल्याशिवाय बॉयलर चालवता येत नाही. हा नियम कुणाला सहज सुचलेला नाही. 1863 साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली, तेव्हा 1864 साली बंगालात पहिला बॉयलर कायदा झाला. पुढे 1923 साली तो देशभर आला आणि 2025 साली त्याच्या जागी नवा कायदा झाला.

आता घरच्या मशीनकडे या. कान्हे, नायगाव, साते, जांभूळ या आपल्या पट्ट्यात भाताची मळणी आणि ऊसतोड एकदमच अंगावर येते. तोच ट्रॅक्टर सकाळी खळ्यावर, दुपारी उसाच्या ट्रॉलीला. संध्याकाळी जनावरांसाठी वाढ्यांची कुट्टी. या मशीनी तपासायला दारात कोणी निरीक्षक येत नाही.

मात्र त्यांनाही नियम आहेत. भारतीय मानक संस्थेने (जिचे 1987 पासून भारतीय मानक ब्यूरो झाले) 1979 सालीच मळणी यंत्रासाठी आय.एस. 9020 आणि आय.एस. 9129 ही मानके काढली. पेंढी आत सारायची पन्हळ, म्हणजे शूट, किमान 90 सेंमी लांब हवी आणि ड्रमकडचा किमान 45 सेंमी भाग वरून झाकलेला हवा, असे त्यात आहे.

हाच आकडा का? स्वतःचा हात मोजून बघा. बाप्या माणसाचा हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत पाऊण मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे पन्हळीच्या टोकाशी उभा असलेला माणूस झोप आली, तोल गेला, तरी त्याची बोटे ड्रमला लागत नाहीत. झाकण नसेल तर मात्र तो वरून वाकून हात घालतो, आणि मग लांबीचा काही उपयोग नाही. म्हणून लांबी आणि झाकण दोन्ही पाहिजेत.

आणि आपण काय करतो? "साहेब, पेंढी लवकर जात नाही" म्हणून झाकण काढून टाकतो, कधी पन्हळच कापून आखूड करतो. अर्ध्या तासाची बचत होते, हे मलाही कबूल आहे. पण पेंढी लावायला बहुधा मालक उभा नसतो, रोजाने आलेली बाई नाहीतर गडी असतो. हात जातो तो त्यांचा.

1983 च्या धोकादायक यंत्रे (नियमन) कायद्यात मळणी यंत्राचे नाव घेतलेले आहे, आणि त्यावर काम करणाऱ्या मजुराला इजा वा मृत्यू झाल्यास भरपाईची तरतूद आहे. "मशीन भाड्याचे होते" एवढे म्हणून हात झटकू नका. भाड्याचे मशीन खळ्यावर आले की आधी टेप लावा, मग भाव ठरवा. पन्हळ कापलेली असेल तर पत्रा जोडून घेणे कामशेत-वडगावच्या वेल्डरला अवघड नाही. कुट्टी मशीनलाही हाच न्याय: रोलरपर्यंत बोट पोचता कामा नये.

ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. शाफ्टचे वेगळे सांगतो. तो मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. शाफ्ट दोन इंच जाड धरला तर एका फेऱ्याला 16 सेंमी कापड गुंडाळले जाते, सेकंदात जवळजवळ दीड मीटर. पदर अडकलाय हे कळेपर्यंत पदर संपलेला असतो. शाफ्टवर प्लास्टिकचे कव्हर हवे, आणि कव्हरची बारीक साखळी ट्रॅक्टरला अडकवलेली हवी. साखळी सोडलेली असेल तर कव्हर शाफ्टबरोबरच गरगर फिरते आणि असून नसल्यासारखे होते. मशीन बंद असताना कव्हर हाताने धरून बघा: शाफ्टवर मोकळे फिरले पाहिजे, आणि साखळी लावली की जागचे हलता कामा नये.