मस्टँगची गुरगुर

प्रश्न : सेकंडहँड फोर्ड मस्टँग जीटी घेतली. रूप झकास, पण कंपनीचा आवाज मिळमिळीत वाटतो. बाहेरचा एक्झॉस्ट बसवू का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आधी सकाळी गार इंजिन सुरू करून गाडीच्या मागे उभे राहा. व्ही-८ ची ती अडखळती गुरगुर सायलेन्सरमधून जन्मत नाही. क्रँकशाफ्टची वळणं ९० अंशांच्या फरकाने असल्यामुळे एका बाजूच्या चार सिलिंडरांतले स्फोट समान अंतराने होत नाहीत. ती लय त्यातली. नवा एक्झॉस्ट ती फक्त मोठ्याने ऐकवतो. नुसता मागचा सायलेन्सर बदलून ताकद नावापुरतीच वाढते, हे विकणारा सांगेलच असं नाही. उलट एक्स्प्रेसवेवर एका वेगाला गाडी धरली की केबिनमध्ये घूंऽऽ सुरू होतं आणि खंडाळा येईपर्यंत डोकं उठतं.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. मूळ रचनेत फेरफार नको, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. तरीही हौस दांडगी असेल, तर निदान कंपनीचा सायलेन्सर भंगारात घालू नका; गाडी विकताना गिऱ्हाईक तोच मागतं. मी तुमच्या जागी असतो तर ते पैसे टायरवर घातले असते.