समाजकार्यकर्त्याचे सातत्यशिक्षण : कोलकात्याच्या संदर्भात निवडीचा विचार

समाजकार्याची पदवी हाती आली म्हणजे शिक्षण संपले, असे मानणे या व्यवसायात धोक्याचे ठरते. २००५ साली पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कार्यकर्त्याने लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, २०१५ चा बालन्याय अधिनियम किंवा २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम वर्गात अभ्यासलेला नसतो. त्याच्यापुढे येणारे बालक वा रुग्ण मात्र याच कायद्यांच्या आश्रयाने येतात. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत परवान्याच्या नूतनीकरणासाठी ठराविक तासांचे सातत्यशिक्षण आवश्यक असते. भारतात सर्व समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारी एकच वैधानिक परिषद नाही. त्यामुळे काय शिकावे, हा निर्णय बहुतांशी कार्यकर्त्याच्या विवेकावर सोपवला गेला आहे. आणि तो चुकल्यास त्याची झळ साहाय्यासाठी येणाऱ्यास लागते.

या विवेकाचे एक जुने उदाहरण मराठी वाचकास परिचित आहे. १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे १८८३ मध्ये त्या वैद्यकाच्या अभ्यासाचा हेतू धरून इंग्लंडला गेल्या. परंतु श्रवणशक्ती मंदावल्यामुळे तो विचार त्यांना सोडावा लागला. १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्यावर त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन उघडले. मानाच्या पदव्या गाठीशी असतानाही त्या नव्याने विद्यार्थिनी झाल्या आणि विषय निवडला तो पुढील कार्याकडे पाहून, स्वतःची मर्यादा ओळखून. सातत्यशिक्षणाच्या निवडीचे सूत्र यात सामावलेले आहे.

आजच्या कोलकात्यात आणि परिसरात या सूत्रास वाव देणाऱ्या संस्था अनेक आहेत. प्रत्येकीचा रोख मात्र वेगळा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. हुगळीकाठच्या ताग गिरण्यांमुळे या शहरात कामगारकल्याणाच्या प्रश्नास विशेष महत्त्व होते. १९५३ साली कलकत्ता विद्यापीठाच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या संस्थेच्या नावातच समाजकल्याण आणि व्यवसाय व्यवस्थापन यांची जोड आहे. विश्वभारतीचा समाजकार्य विभाग श्रीनिकेतन येथे आहे. १९२२ मध्ये तेथे सुरू झालेल्या ग्रामपुनर्रचनेच्या प्रयोगाची परंपरा त्याच्यामागे उभी आहे. बोनहुगळी येथील राष्ट्रीय संस्था गतिविषयक अपंगत्वाच्या क्षेत्रात काम करते. नोकरी सोडणे शक्य नसलेल्यांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ (१९८५) आणि नेताजी सुभाष मुक्त विद्यापीठ (१९९७) यांनी दूरशिक्षणाची वाट मोकळी केली.

अभ्यासक्रमाची पारख करताना प्रथम पाहावयाचे ते त्याने मिळणारा अधिकार. पुनर्वसन समाजकार्यकर्ता हा भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीतील एक वर्ग असून तेथील नोंदणीच्या नूतनीकरणास परिषदमान्य सातत्यशिक्षणाचे गुण लागतात. २०१७ च्या अधिनियमाने मनोरुग्ण-समाजकार्यकर्ता म्हणून समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम. फिल. अभ्यासक्रम पूर्ण करणारी व्यक्ती मानली आहे. समुपदेशनाचे अल्पमुदतीचे प्रमाणपत्र उपयुक्त असेल. पण ते हा अधिकार देत नाही. प्रमाणपत्राच्या बळावर गंभीर आजाराचा रुग्ण स्वतःकडेच ठेवून घेतला गेला, तर उपचारास होणारा विलंब त्याला भोगावा लागतो. नियमही स्थिर नसतात. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एम. फिल. बंद करण्याचे ठरवले आणि या शाखेस पुढे मुदतवाढ द्यावी लागली. म्हणून प्रवेशापूर्वी त्या वर्षाची मान्यता तपासणे अगत्याचे आहे.

दुसरी कसोटी पर्यवेक्षित क्षेत्रकार्याची. कायद्याची माहिती व्याख्यानांतून वा टपालाने आलेल्या पाठांतून मिळू शकते; परंतु भेदरलेल्या बालकाशी कसे बोलावे, हे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम केल्याशिवाय येत नाही. तेव्हा माहितीची उणीव आणि कौशल्याची उणीव यांत भेद करणे आवश्यक ठरते. भाषा ही यातलीच एक बाब. कोलकात्याच्या वस्त्यांत बंगालीबरोबर हिंदी आणि उर्दूही बोलली जाते. महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या कार्यकर्त्याने दुसरी पदविका घेण्यापूर्वी बंगाली शिकणे हे कित्येकदा अधिक फलदायी होय.

तथापि सर्व ज्ञान संस्थांच्या वर्गांतच असते, असेही नाही. अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेने १९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना यांच्या नेतृत्वाखाली सोनागाछीत एच. आय. व्ही. प्रतिबंधाचा उपक्रम सुरू केला, तेव्हा देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच आरोग्यशिक्षिका म्हणून सोबत घेण्यात आले. १९९५ मध्ये त्या स्त्रियांची ‘दुर्बार’ ही संघटना उभी राहिली आणि १९९९ मध्ये उपक्रमाची सूत्रे तिच्याकडे आली. तज्ज्ञांना त्या वस्तीतील व्यवहाराचे जे ज्ञान नव्हते, ते या स्त्रियांपाशी होते. ज्यांची सेवा करावयाची त्यांच्याकडून शिकण्याची वृत्ती जो अभ्यासक्रम वाढवतो, तो थोड्या दिवसांचा असला तरी मोलाचा मानावा.

सारांश, गेल्या वर्षभरात कोणत्या प्रसंगी आपले ज्ञान अपुरे पडले, याची नोंद कार्यकर्त्याने प्रथम करावी. ती उणीव माहितीची, कौशल्याची, भाषेची की अधिकाराची, हे ठरवावे. त्यानंतरच माहितीपत्रके मागवावीत आणि शुल्क, अवधी व प्रवास यांचा हिशेब मांडावा. हा क्रम उलटला, तर प्रमाणपत्रे वाढतात आणि ज्या प्रसंगी ज्ञान अपुरे पडले होते, तो पुन्हा उभा राहिला की कार्यकर्ता तितकाच असमर्थ ठरतो.